लेक मीडची वही

लेक मीड किती आटलं आहे, हे आता कुणालाही विचारा, सांगतील. लास व्हेगासला आलेला पाहुणा हूवर धरणावर उभा राहिला की पाण्याआधी त्याला कड्यांवरचा पांढरा पट्टा दिसतो. पाणी उतरत गेलं, खडकांवर क्षार राहिले, आणि पूर्वी पाणी कुठवर होतं याची खूण मैलोगणती काठावर उमटली. सरोवर काठोकाठ भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 1,229 फूट असते. जुलै 2022 मध्ये ती 1,040 फुटांच्या आसपास आली होती. त्या उन्हाळ्यात चिखलातून वर आलेल्या बोटी आणि पिंपात सापडलेला सांगाडा यांच्या बातम्या जगभर छापून आल्या.

पातळी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची बातमी होते. पाण्यात काय विरघळलंय, कुठल्या खोलीवर ते जास्त आहे, दहा वर्षांपूर्वी याच महिन्यात किती होतं, हे काठावरून दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी ठरावीक दिवशी, ठरावीक जागी बोट थांबवून बाटली खाली सोडावी लागते. पुढच्या महिन्यात पुन्हा. मी लास व्हेगासशेजारच्या हेंडरसनला राहते, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या बाटल्यांतल्या बऱ्याच या सरोवराच्या असतात. या कामाचं मोल मला जसजसं उमगत गेलं, तसतसं त्याबद्दल लिहावंसं वाटू लागलं.

आधी भूगोल सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर कोलोरॅडो नदी अडवून 1935 मध्ये हूवर धरण बांधून झालं. त्यामागचा जलाशय साठवणक्षमतेत अमेरिकेतला सर्वांत मोठा आहे, आपल्या जायकवाडीच्या दहापटीहून अधिक. भोवती मोहावीचं वाळवंट. लास व्हेगासला वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस पडतो, आणि सरोवराच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण दोन मीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. नेवाडा राज्याच्या वाट्याला नदीतून वर्षाला 3 लाख एकर-फूट पाणी येतं, म्हणजे आपल्या हिशेबात 13 टीएमसी. एवढ्या पाण्यात एवढं शहर कसं चालतं? तर घरांत, हॉटेलांत, संडास-बाथरूममध्ये वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी प्रक्रिया करून सरोवरात परत सोडलं जातं, आणि जेवढं परत केलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते.

हे परतीचं पाणी लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यातून लास व्हेगास बे या खाडीसारख्या भागात उतरतं आणि पुढे बोल्डर बेसिनमध्ये, म्हणजे सरोवराच्या धरणालगतच्या भागात, मिसळतं. शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या इनटेकची, म्हणजे सरोवरातून पाणी उचलणाऱ्या वाटांची, तोंडंही बोल्डर बेसिनमध्येच आहेत, सॅडल आयलंडजवळ. वापरलेलं पाणी आत येण्याची जागा आणि पिण्याचं पाणी बाहेर काढण्याची जागा यांच्यात फक्त काही मैलांचं पाणी आहे. दरमहा मोजमाप होतं ते या काही मैलांचं. त्या साठत गेलेल्या नोंदींनाच मी वही म्हणते.

नमुना घेण्याचं काम बघायला अगदी साधं वाटतं. ज्या बाटलीने खोलवरचं पाणी घेतात, ती म्हणजे दोन्ही टोकांना उघडी असलेली जाड प्लास्टिकची नळी. तिची रबरी झाकणं ताणून, आकड्याला अडकवून ठेवलेली असतात. नळी दोरीने हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची, ती स्थिर होऊ द्यायची, आणि मग दोरीवरून एक छोटं पितळी वजन खाली घसरत सोडायचं. त्याला सगळे मेसेंजर म्हणतात. ते खाली जाऊन आकड्यावर आदळतं, झाकणं फटकन मिटतात, आणि वर दोरी धरलेल्या हाताला एक बारीक हिसका जाणवतो. तीस मीटर खालचं पाणी आता तीस मीटरचंच राहील, वर येताना त्यात वाटेतलं काही मिसळणार नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी 28-29 अंशांपर्यंत तापलेलं असतं, आणि खालून वर आलेल्या त्या नळीला हात लावला की ती माठासारखी गार लागते.

मग खरी कसरत. पोषकद्रव्यांच्या बाटलीत एक आम्ल, धातूंच्या बाटलीत दुसरं. शेवाळाच्या नमुन्यात आयोडीन. क्लोरोफिलसाठी, म्हणजे शेवाळातलं हिरवं द्रव्य मोजण्यासाठी, पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळायचं, तो कागद घडी घालून फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि लगेच बर्फात ठेवायचा, कारण उजेड लागला की आकडा बिघडतो. एक बाटली शुद्ध पाण्याची, तीही बोटीवर उघडून बंद करायची. तिच्यात काही सापडलं तर ते सरोवरातलं नाही, आपल्या हातचं किंवा बाटलीचं आहे, हे कळतं. बोटीच्या सावलीच्या बाजूने काळी-पांढरी सेकी चकती सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघायचं, त्यावरून पाणी किती नितळ ते कळतं. सेकी चकतीची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. आजही ती टिकून आहे, आणि टिकावी, कारण तिच्यामुळे 1950 चा आकडा 2020 च्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो प्रोब. केबलला बांधलेला हा सेन्सरांचा जुडगा मीटर-मीटर खाली सोडत गेलं की तापमान, विद्युतवाहकता, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा, सगळं पडद्यावर येत राहतं. अनेक वर्षं सेंटिनल आयलंडजवळ यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा, एक तरंगता तराफा होता. त्यावरचा प्रोब दर सहा तासांनी आपोआप खाली जाऊन वर यायचा, रात्री, वादळात, नाताळच्या दिवशीसुद्धा. या आलेखांतून जे दिसतं त्याने मी आजही चकित होते. लास व्हेगास वॉशचं पाणी सरोवराच्या पाण्यापेक्षा बरंच खारट, आणि क्षार जास्त की वीज जास्त वाहते, म्हणून त्याची विद्युतवाहकता दुपटीहून जास्त. म्हणून ते सरोवरात शिरलं तरी लपत नाही. हिवाळ्यात ते थंडही असतं आणि खारटही, त्यामुळे जड होऊन तळाशी जातं आणि तळालगत सरपटत पुढे सरकतं. उन्हाळ्यात मात्र ते कोमट असतं. वरच्या गरम थरापेक्षा जड, खालच्या गार थरापेक्षा हलकं. मग ते दोन्हींच्या मधोमध पसरतं. आलेखावर वाहकतेची रेघ वरून सरळ खाली येत असते, आणि एका ठरावीक खोलीवर तिला फुगवटा येतो. तो फुगवटा म्हणजे या शहराने वापरून परत दिलेलं पाणी.

हा फुगवटा कुठल्या महिन्यात किती खोल, किती जाड आणि इनटेकच्या किती जवळ, हे एका फेरीत कळत नाही. दोन वर्षांतही कळत नाही, कारण दोन्ही वर्षं वेगळी निघतात. पातळी उतरली की वॉशचं मुख पुढे सरकतं, जिथे पूर्वी बोटी फिरायच्या तिथे गाळाचं मैदान होतं, आणि दोन तोंडांमधलं अंतर कमी होतं. पाणी कमी म्हणजे मिसळायला जागाही कमी. पाणी किती आहे आणि पाणी कसं आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळ्या खात्यांत विचारले जात असतील, पण सरोवरात ते एकच आहेत.

या वहीतलं सर्वांत अस्वस्थ करणारं पान 1997 चं आहे. त्या वर्षी कोलोरॅडोच्या पाण्यात परक्लोरेट सापडलं. हे रॉकेटच्या घन इंधनात वापरलं जाणारं रसायन. शरीरात गेलं तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेण्यात अडथळा आणतं. ते आलं कुठून, तर हेंडरसनहून, जिथे ते अनेक दशकं तयार होत होतं. जमिनीत मुरलेलं परक्लोरेट भूजलातून वॉशमध्ये, वॉशमधून सरोवरात, आणि तिथून खाली कॅलिफोर्निया-ॲरिझोनापर्यंत पोचलं होतं. नदीच्या पाण्यावर पिकलेल्या लेट्यूसच्या पानांतही ते पुढे आढळलं. मला यात विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. 1997 मध्ये ते पाण्यात नव्याने आलं नव्हतं. इतक्या सूक्ष्म प्रमाणात ते पकडणारी पद्धत नुकतीच हाती आली होती, एवढंच. त्याआधीची कितीतरी वर्षं लोक ते पीत होते आणि सगळे तपासणी अहवाल स्वच्छ येत होते. अहवाल खोटे नव्हते. ज्याचा शोधच घेता येत नव्हता, ते त्यांत येणार कुठून?

म्हणून प्रयोगशाळेत कुणी ‘काही सापडलं नाही’ असं म्हटलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कशाखाली सापडलं नाही? शोधमर्यादेचा, म्हणजे पद्धतीला पकडता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाचा, आकडा शेजारी लिहिलेला नसेल तर ते वाक्य अर्धंच राहतं.

परक्लोरेटचं पुढे काय झालं तेही वहीतच आहे. दूषित भूजल उपसून त्यावर प्रक्रिया सुरू झाली. परक्लोरेटमधला ऑक्सिजन वापरून टाकणारे जिवाणू असतात, त्यांच्या टाक्यांतून पाणी फिरवलं की शेवटी साधं क्लोराइड उरतं. वॉशमधून सरोवरात जाणारं परक्लोरेट सुमारे 90 टक्क्यांनी घटलं. हे छातीठोकपणे म्हणता येतं, कारण त्याच जागी, त्याच पद्धतीने, उपाय सुरू होण्याआधीपासून कुणीतरी मोजत होतं.

फॉस्फरसची कहाणी आणखी गुंतागुंतीची आहे, आणि मला ती फार आवडते. 1963 मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण झालं. नदीचा लाल गाळ तिथेच अडकू लागला आणि गाळाला चिकटलेलं फॉस्फरसही. लेक मीडचं पाणी नितळ झालं, पण शेवाळाचं अन्न घटलं. शेवाळ कमी म्हणून सूक्ष्म प्राणी कमी, ते कमी म्हणून मासे हडकुळे. 1987 मध्ये सरोवराच्या उत्तरेकडच्या ओव्हर्टन आर्म भागात मासेमारीची हौस असलेले लोक शेकडो बोटी घेऊन उतरले आणि त्यांनी पाण्यात चक्क द्रवरूप खत ओतलं, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, प्रयोग म्हणून. आणि त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, लास व्हेगास बेमध्ये, सांडपाण्यातून येणारं फॉस्फरस जास्त होतं म्हणून ते कमी करण्याची धडपड चालू होती. एकाच जलाशयात एकीकडे उपासमार, दुसरीकडे अजीर्ण. ‘लेक मीडमध्ये फॉस्फरस सरासरी इतकं’ असं कुणी सांगितलं तर त्या सरासरीने कुणाचंच पोट भरत नाही आणि कुणाचंच दुखणंही कळत नाही.

2001 च्या वसंतात बोल्डर बेसिन हिरवंगार झालं. सूक्ष्म हिरव्या शेवाळाची एवढी वाढ झाली की लोकांनी घाबरून फोन केले. त्यानंतर सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी फॉस्फरस आणखी कसोशीने काढायला घेतलं. परवान्यातल्या अटींपेक्षाही जास्त, आपणहून. हे मला मोठं वाटतं. त्यांना तसं करायला लावलं ते समोर ठेवलेल्या आलेखांनी.

आणि मग 6 जानेवारी 2007. बोल्डर बेसिनमधल्या एका मरिनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, क्वागा नावाचे शिंपले सापडले. नखाएवढे, मूळचे युक्रेनच्या नीपर नदीकडचे, कुणाच्या तरी बोटीला चिकटून आलेले. पश्चिम अमेरिकेत ते पहिल्यांदा दिसले ते इथेच. काही वर्षांत त्यांनी सरोवराचा तळ, खडक, पाइप, सगळं व्यापलं. एकेक शिंपला रोज पाणी गाळतो, शेवाळ खातो. पाणी आणखी नितळ होतं. आता सांगा, सेकी चकतीची खोली वाढली तर आनंद मानायचा का? फॉस्फरस कमी झालं म्हणून पाणी नितळ झालं की शिंपल्यांनी गाळलं म्हणून? 2007 नंतर मोजायला सुरुवात केलेल्या माणसाला हे कधीच सांगता येणार नाही. त्याच्यासाठी शिंपल्यांचं सरोवर हेच मूळ सरोवर. ज्याच्याकडे आधीच्या नोंदी आहेत, त्यालाच वाद घालता येतो.

वाद चालू आहेत, हेही सांगायला हवं. उन्हाळ्याच्या शेवटी मधल्या थरात ऑक्सिजन खाली जातो. वर चांगला, तळाशीही बरा आणि मधे खड्डा, असा तो आलेख लेक मीडची ओळख आहे. त्याचं किती श्रेय मरून खाली येणाऱ्या शेवाळाला आणि त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, किती मधे घुसणाऱ्या प्रवाहांना, यावर तज्ज्ञांचे बरेच कागद खर्ची पडले आहेत. नव्वदच्या दशकात लास व्हेगास बेमधल्या नर कार्प माशांच्या रक्तात मादीच्या अंड्यांतलं प्रथिन आढळलं होतं. सांडपाण्यासोबत येणाऱ्या, संप्रेरकांसारखं वागणाऱ्या द्रव्यांकडे तेव्हापासून लक्ष आहे. 2012 मध्ये सगळ्या संस्थांच्या कामाचा एकत्र आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष एकूण पाण्याची गुणवत्ता चांगली असाच होता. माझाही अनुभव तोच आहे. मी हेच पाणी पिते, माझी मुलं ह्याच पाण्यावर वाढली.

बाहेरून बघणाऱ्याला या कामात कंटाळाच दिसेल. महिन्यामागून महिने आकडे जवळपास तेच. खर्च कपातीचा विचार सुरू झाला की पहिलं बोट अशाच कामाकडे वळतं: ‘इतकी वर्षं मोजलंत, काही बदललं नाही, मग दर महिन्याला कशाला, तीन महिन्यांतून एकदा मोजा.’ शेवाळाचा बहर तीन आठवड्यांत येऊन जातो. ऑगस्टमध्ये वाळवंटात ढगफुटीसारखा पाऊस पडतो, वॉशला पूर येतो, एका दुपारीत अख्खा लास व्हेगास बे तांबडा होतो आणि काही दिवसांत निवळतो. तीन महिन्यांच्या जाळीतून हे सगळं निसटणार. शिवाय पद्धत बदलायची तर जुनी आणि नवी काही काळ बरोबरीने चालवावी लागते, एकाच पाण्याचे नमुने दोन्हींनी मोजून फरक लिहून ठेवावा लागतो. तसं केलं नाही तर आलेखावर एक पायरी दिसते, आणि ती सरोवराची की यंत्राची हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

या वहीचा प्रत्यक्ष उपयोग काय, हे 2022 ने दाखवलं. त्या एप्रिलमध्ये शहराचा सर्वांत जुना, 1,050 फुटांवरचा इनटेक पाण्याबाहेर आला. नळ मात्र कुठेही कोरडे पडले नाहीत. तिसरा इनटेक 2015 मध्येच तयार झाला होता, सरोवराच्या तळाखालून सुमारे तीन मैलांचा बोगदा काढून, 860 फुटांच्या पातळीवर. तो खोल नेण्यामागे पातळीची भीती होतीच, पण दुसरं कारणही होतं: तिथलं पाणी वर्षभर गार असतं, आणि वॉशचा उन्हाळी प्रवाह त्याच्या बराच वरून जातो. पाण्याखाली कोणता थर कुठे असतो हे वर्षानुवर्षांच्या आलेखांवरून ठाऊक होतं, म्हणून एवढा मोठा खर्च कुठे करायचा हे सांगता आलं.

त्याच वर्षी आई पैठणहून माझ्याकडे आली होती. तिला धरण दाखवायला नेलं. बराच वेळ कठड्याशी उभी राहून तिने विचारलं, “किती टक्के आहे गं सध्या?” मी म्हटलं, सत्तावीसच्या आसपास. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या नाथसागराच्या मे महिन्यासारखं.” मराठवाड्यातल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असणारच. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा टक्का वर्तमानपत्रात पहिल्या पानावर असतो, तो ज्याला तोंडपाठ नाही असा माणूस आमच्याकडे मिळायचा नाही. परतताना गाडीत तिनेच विषय काढला. “मे महिन्यात नळाला वास यायचा, आठवतंय तुला? रांजणात तुरटी फिरवली तरी जायचा नाही.” मला आठवत होतं. कुठल्या वर्षी, विचारल्यावर तिलाही सांगता येईना, मलाही. तुझे बाबा होते तेव्हा, एवढंच ती म्हणाली.

वास खरा होता. पाणी तळाला गेलं, तापलं, शेवाळ वाढलं की असा वास येतो, हे मी आज समजावून सांगू शकते. पण तो वाढत गेला की कमी झाला, कुठल्या पावसाळ्यानंतर जास्त होता, वरच्या अंगाला शहरं आणि कारखाने वाढत गेले त्याचा त्यात किती वाटा, हे घरोघरच्या आठवणींतून ठरत नाही.

नाथसागराला 1976 पासून एवढी वर्षं झाली. अर्ध्या मराठवाड्याची तहान आणि छत्रपती संभाजीनगरसारखं शहर त्यावर आहे. त्याच्यासाठी मला जे हवं आहे ते फार महाग नाही. धरणाच्या भिंतीजवळ, जलाशयाच्या मध्यावर आणि गोदावरी आत येते तिथे, अशा तीन जागा. प्रत्येक ठिकाणी वरचं, मधलं आणि तळाचं पाणी. दर महिन्याला, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, विद्युतवाहकता, फॉस्फरस, नायट्रेट, क्लोरोफिल, आणि एक सेकी चकती, जी गावातला लोहारसुद्धा पत्र्याची करून देईल. पैठणच्या महाविद्यालयातली मुलं शिकवलं तर हे उत्तम करतील. मच्छीमारांच्या बोटी आहेत, त्यांना त्या पाण्याची माझ्यापेक्षा जास्त जाण आहे. आणि ते आकडे कपाटात न ठेवता टक्केवारीच्या त्याच चौकटीत, तिच्याखाली छापायचे, म्हणजे आई सकाळी चहा घेताना दोन्ही वाचेल.